दीर्घसूत्रता आणि संकल्प : हाती घेतलेले कार्य सिद्धीस कसे न्यावे?

॥ श्री ॥



आपल्या मंदिराच्या कार्यालयात एक जुने सागवानी कपाट आहे. त्यात लाल बासनात बांधलेल्या अकरा वह्या आहेत. मंदिराचा जमाखर्च, उत्सवाचा शिधा, देणगीदारांची नावे, गवंडी-सुतारांना दिलेली मजुरी असा सारा तपशील त्यांत मोडी लिपीत नोंदलेला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा नगरांत मराठी कुटुंबे स्थिरावली आणि त्यांनी देवालये बांधली, त्या काळी लिहिण्याचा व्यवहार प्रामुख्याने मोडीतच चालत असे. आज ती लिपी वाचणारे फार थोडे उरले आहेत.

काही वर्षांपूर्वी आपल्या परिसरातील एक वयोवृद्ध गृहस्थ आपण होऊन पुढे आले. "सायंकाळच्या आरतीपूर्वी मी रोज तासभर येऊन बसेन. मी वाचीत जाईन, कोणी तरी लिहून घ्यावे," एवढेच त्यांचे म्हणणे होते. विश्वस्त मंडळाने आनंदाने होकार दिला, ठरावही संमत झाला. परंतु गणेशोत्सव तोंडावर आला होता, म्हणून काम उत्सवानंतर सुरू करावे असे ठरले. उत्सव झाला, मग नवरात्र आले, पाठोपाठ दिवाळी आली. त्यानंतर हिशेब तपासनिसांचे काम निघाले. प्रत्येक वेळी कारण खरे होते आणि प्रत्येक वेळी ते सर्वांना पटलेही. पौष महिन्यात ते गृहस्थ अल्पशा आजाराने निवर्तले. अकरांपैकी एकही बासन सोडलेले नव्हते.

या प्रसंगी कोणी आळस केला असे म्हणता येणार नाही. जे आम्ही त्या वहीपाशी बसलो नाही, तेच उत्सवात रात्रंदिवस राबत होतो. मग काम राहिले कशामुळे? या प्रश्नाचा विचार करताना जे हाती लागले, ते सर्वांच्या उपयोगी पडावे या हेतूने येथे मांडीत आहोत.

आळस वेगळा, दीर्घसूत्रता वेगळी

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत 'अलस', 'विषादी' आणि 'दीर्घसूत्री' हे तीन शब्द स्वतंत्रपणे आलेले आहेत. आळशी आणि दीर्घसूत्री एकच असते, तर दोन शब्द योजण्याचे प्रयोजन नव्हते. आळशी मनुष्यास काही करावेसेच वाटत नाही. दीर्घसूत्री मनुष्यास करावेसे वाटते, करणे आवश्यक आहे हेही ठाऊक असते, तरी आज करावयाचे काम तो उद्यावर नेतो. त्याचे सूत्र लांबतच जाते. तो पुष्कळदा दिवसभर कामात असतो; मात्र नेमके जे करावयास हवे, ते सोडून इतर सर्व कामे करीत असतो. परीक्षेचा अभ्यास समोर ठेवून कपाट आवरणारा विद्यार्थी आणि वार्षिक अहवाल लिहावयाचा सोडून पावत्यांची पुस्तके पुन्हा पुन्हा लावणारा चिटणीस हे दोघेही या वर्गातले आहेत.

या दोहोंच्या मध्ये 'विषादी' हा शब्द यावा, हेही विचार करण्याजोगे आहे. दीर्घसूत्रतेच्या मुळाशी बहुधा मनाची एखादी अप्रिय अवस्था असते. काम कंटाळवाणे वाटते, अवघड वाटते, आपल्याला जमणार नाही अशी भीती वाटते, किंवा आधीच झालेल्या उशिराची लाज वाटते. काम पुढे ढकलले की ती अप्रिय भावना तत्काळ दूर होते आणि मनास हलके वाटते. हा हलकेपणाच घातक आहे, कारण त्यामुळे पुढे ढकलण्याची सवय जडते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात याच मुद्द्याची मांडणी केली आहे. दिरंगाई हा वेळेच्या नियोजनाचा दोष म्हणून पाहण्यापेक्षा, क्षणिक मनःस्थिती सावरण्यासाठी पुढील काळातील आपल्यावर भार टाकण्याची वृत्ती म्हणून तिच्याकडे पाहावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणूनच केवळ नवीन दैनंदिनी विकत घेऊन ही सवय सुटत नाही.

शांतिपर्वातील दोन कथा

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माचार्यांनी युधिष्ठिरास या विषयाशी निगडित दोन कथा सांगितल्या आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्या असता मोठा उलगडा होतो.

पहिली कथा तीन माशांची. ही कथा पंचतंत्रातही येते. परंतु महाभारतात तिसऱ्या माशाचे नावच 'दीर्घसूत्र' असे आहे. एका तळ्यात तीन मासे राहत होते. कोळ्यांनी तळ्याला वाटा पाडून पाणी काढावयास प्रारंभ केला. दूरदर्शी माशाने ते ओळखले आणि मार्ग मोकळा आहे तोवर निघून जाण्याचा सल्ला सोबत्यांस दिला. दीर्घसूत्र म्हणाला की, घाई करण्याचे कारण नाही. दुसरा म्हणाला की, वेळ येईल तेव्हा मला उपाय सुचेल. पहिला मासा प्रवाहातून निघून गेला. मागे राहिलेले दोघेही सापडले. त्यांतील प्रसंगावधानी माशाने दोरीत ओवलेल्या माशांमध्ये दोरी तोंडात धरून राहण्याची युक्ती केली आणि कोळी मासे धुण्यासाठी खोल पाण्यात उतरले तेव्हा दोरी सोडून तो निसटला. दीर्घसूत्राचा मात्र नाश झाला.

दुसरी कथा चिरकारीची. गौतमांचा हा पुत्र प्रत्येक गोष्टीचा दीर्घकाळ विचार करून मगच कृती करीत असे. म्हणून त्यास चिरकारी म्हणत. लोक त्यास मंद आणि आळशीही म्हणत. एकदा पित्याने क्रोधाच्या भरात त्यास मातेचा वध करण्याची आज्ञा केली आणि ते वनात निघून गेले. पित्याची आज्ञा पाळणे हा धर्म, आणि मातेचे रक्षण करणे हाही धर्म. चिरकारी विचार करीत राहिला. इकडे पित्याचा क्रोध शमला आणि ते पश्चात्तापाने व्याकुळ होऊन परतले. पुत्राने शस्त्र टाकून पायांवर मस्तक ठेवले. माता सुखरूप होती. पित्याने त्यास हृदयाशी धरले आणि त्याच्या विलंबाची प्रशंसा केली.

विलंब दोन्ही कथांत आहे. एकात नाश झाला, दुसऱ्यात रक्षण झाले. चिरकारीचा सारा वेळ त्या कृत्याच्याच विचारात गेला, आणि ते कृत्य असे होते की एकदा घडले की परत फिरविता येणार नाही. दीर्घसूत्र माशाने कशाचाच विचार केला नाही, आणि तो थांबला तेवढ्या वेळात तळ्यातील पाणी ओसरत होते.

तेव्हा एखादे काम पुढे ढकलताना स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. थांबल्याने निर्णयासाठी आवश्यक असे काही नवीन कळणार आहे काय? आणि थांबलो असता पाणी ओसरत आहे काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर थांबणे हा विवेक होय. याच्या उलट असेल तर ती दीर्घसूत्रता होय, तिला दिलेले कारण कितीही सबळ असो. वह्यांच्या बाबतीत आम्ही हे प्रश्न विचारले असते, तर उत्तर स्पष्ट होते. उत्सवानंतर मोडी लिपी अधिक सोपी होणार नव्हती, आणि वाचणाऱ्यांचे वय थांबणार नव्हते.

इच्छा आणि संकल्प

यावर उपाय कोणता? आपल्या नित्य आचारात तो रूढ आहे, परंतु त्याकडे आपले लक्ष जात नाही. पूजेच्या आरंभी हातात उदक घेऊन आपण संकल्प करतो. त्यात काय असते? प्रथम देश उच्चारला जातो : कोणत्या भूमीत, कोणत्या नदीच्या परिसरात. मग काल : संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग कर्त्याचे गोत्र व नाव. आणि शेवटी नेमके कर्म. 'कधी तरी पूजा करू' ही इच्छा झाली; स्थळ, काळ, कर्ता आणि कर्म ही चारही निश्चित झाली की तो संकल्प होतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे संशोधन या ठिकाणी सांगण्यासारखे आहे. त्यांनी व त्यांच्या सहकारी फेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांस नाताळच्या सुटीत एक लहानसा वृत्तांत ठराविक मुदतीत लिहून पाठविण्यास सांगितले होते. त्यांतील एका गटाकडून, तो कोठे आणि केव्हा लिहिणार हे आधीच निश्चित करून घेतले. त्या गटातील दोन तृतीयांशांहून अधिक विद्यार्थ्यांनी काम मुदतीत केले. ज्यांनी असे काही ठरविले नव्हते, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांशांनीच केले. सर्वांना काम तेच होते, फरक स्थळकाळाच्या निश्चितीचा होता. आपल्या संकल्पविधीचा हेतू धार्मिक आहे आणि या प्रयोगाचा हेतू वेगळा आहे. दोहोंची सांगड ओढूनताणून घालू नये. परंतु निश्चयास स्थळकाळाचा आधार लागतो, हे दोन्हींतून दिसते.

आचरणात आणण्याजोगे सहा नियम

1) स्थळ आणि वेळ ठरवावी. 'या महिन्यात हिशेब पूर्ण करीन' असे म्हणण्याऐवजी 'दर मंगळवारी सायंकाळी सहा वाजता कार्यालयातील मेजाशी बसून एका महिन्याच्या पावत्या उतरवीन' असे लिहून ठेवावे. शक्य तर ते काम एखाद्या नित्यकर्मास जोडावे, उदाहरणार्थ सकाळच्या चहानंतर किंवा आरतीपूर्वी. नित्यकर्म चुकत नाही; त्याच्या मागोमाग हेही होते.

2) आरंभ अतिशय लहान ठेवावा. मन संपूर्ण कामास भिते, पहिल्या पावलास भीत नाही. पत्र लिहावयाचे असेल तर प्रथम केवळ कागद घेऊन नाव व दिनांक लिहावा. दहा मिनिटे बसून पाहावे. त्यानंतर उठावेसे वाटले तर खुशाल उठावे. बहुतेक वेळा उठावेसे वाटत नाही, कारण जड होते ते बसणे. काम तितके जड नव्हते.

3) मोठ्या कामाचे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागास मुदत द्यावी. सप्ताहाचे पारायण याचे उत्तम उदाहरण होय. ग्रंथ मोठा असला तरी सात दिवसांचे वाचन आधीच वाटून दिलेले असते, आणि वाचकापुढे केवळ आजचा भाग असतो. डॅन एरिअली आणि क्लाऊस व्हेर्टेनब्रॉख यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तीन मजकुरांतील चुका शोधण्याचे काम दिले होते. ज्यांना समान अंतराने तीन मुदती दिल्या, त्यांनी सर्वाधिक चुका शोधल्या. ज्यांना केवळ अखेरची एकच मुदत होती ते सर्वांत मागे राहिले. स्वतः मुदती ठरविणारे या दोहोंच्या मध्ये होते. मुदत दुसऱ्याने घातली तर उत्तम, निदान स्वतः तरी घालावी, असा याचा अर्थ.

4) एका वेळी एकच काम करावे. सोफी लरॉय यांनी 2009 साली दाखवून दिले की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले असता चित्ताचा काही अंश पहिल्यापाशीच रेंगाळतो. दुसऱ्या कामास मग संपूर्ण अवधान मिळत नाही. भ्रमणध्वनीवरील प्रत्येक संदेश हे असेच एक लहानसे दुसरे काम आहे. म्हणून नेमलेल्या वेळेपुरता तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. उपडा करून मेजावर ठेवणे पुरेसे नाही, कारण हात त्याच्याकडे जातोच. इटलीचे फ्रान्चेस्को चिरिलो यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यार्थिदशेत असताना टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून अभ्यास करण्याची पद्धत सुरू केली. पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती, असा तिचा क्रम आहे. ज्यांना दीर्घकाळ बसणे जमत नाही, त्यांनी ही पद्धत अवश्य अनुसरावी.

5) मन भरकटले तर ते शांतपणे परत आणावे. जपमाळ ओढणाऱ्यांस हे सांगावयास नको. एकशे आठ मणी ओढताना मन किती तरी वेळा घरी, बाजारात, मुलाबाळांत जाऊन येते. साधक त्यावर रुष्ट होत नाही. बोटाखालचा मणी त्यास परत आणतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून त्यास परत आणावे असा उपदेश आहे, आणि अभ्यास व वैराग्य हे त्याचे उपाय सांगितले आहेत. मन एकदाही न हलणे, अशी अपेक्षा तेथेही केलेली नाही. लिहिताना किंवा हिशेब करताना शेजारी एक कोरा कागद ठेवावा; मध्येच आठवलेले दुसरे काम त्यावर टिपून हातच्या ओळीकडे परतावे.

6) चुकले तर स्वतःस क्षमा करून पुन्हा बसावे. कॅनडातील काही संशोधकांनी 2010 साली विद्यार्थ्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी झालेल्या दिरंगाईबद्दल ज्यांनी स्वतःस क्षमा केली, त्यांची पुढील परीक्षेच्या वेळची दिरंगाई कमी झाली. स्वतःस दोष देत राहिल्याने कामाचे नाव काढताच लाज वाटू लागते आणि मन आणखी दूर पळते. नेम मोडला की लोक पुष्कळदा नेमच सोडून देतात. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेमलेल्या वेळी, मागील थकबाकी न मोजता, केवळ त्या दिवसाचा भाग करावा.

सामुदायिक कामातील दिरंगाई

एकट्याच्या कामापेक्षा अनेकांच्या कामात दीर्घसूत्रता अधिक सहजपणे शिरते, कारण प्रत्येकास वाटते की दुसरा कोणी तरी करीत असेल. आमच्या त्या ठरावाचे पुस्तक पुन्हा उघडून पाहिले असता लिहिलेले आढळले की, 'जुन्या वह्यांचे वाचन करून घेण्यात यावे.' कोणी, कोठे, कधीपासून, किती, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ती सदिच्छा होती, संकल्प नव्हता. ठराव संमत झाल्याबरोबर काम झाल्याचे समाधान मात्र सर्वांस लाभले, आणि त्या समाधानानेच काम मागे पडले.

तेव्हापासून विश्वस्त मंडळाने एक शिस्त घालून घेतली आहे. कोणताही ठराव लिहिताना त्याखाली तीन रकाने असतात : करणाऱ्या एका व्यक्तीचे नाव, पहिल्या बैठकीचा वार व वेळ, आणि पुढील सभेत दाखवावयाचा कामाचा भाग. 'सर्वांनी मिळून' हे शब्द पहिल्या रकान्यात लिहिण्याची मनाई आहे. सभेच्या आरंभी नवीन विषय घेण्यापूर्वी मागील रकाने वाचले जातात. कोणास बोल लावला जात नाही; काम झाले नसेल तर नवा वार विचारून लिहिला जातो, एवढेच.

उपसंहार

वह्यांचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. न्यासाच्या दोन तरुण सभासदांनी मोडी लिपी शिकून घेतली. दर शनिवारी सायंकाळी पाच वाजता ते कार्यालयात बसतात आणि दोन पृष्ठे वाचून बाळबोधीत उतरवितात. दोन पृष्ठांहून अधिक करावयाचे नाही, आणि उत्सव असो वा पाऊस, त्याहून कमीही करावयाचे नाही, असा नेम आहे. आजवर चार वह्या पूर्ण झाल्या आहेत.

परंतु काही गोष्टी आता कधीच उलगडणार नाहीत. जागोजागी 'वाड्यातील काकू', 'थोरले भाऊ' अशा नावांनी देणग्या टिपलेल्या आहेत. हा वाडा कोणता आणि त्या काकू कोण, हे त्या वृद्ध गृहस्थांस बहुधा सांगता आले असते. लहानपणी त्यांनी त्यांतील कित्येकांस पाहिले होते. लिपी शिकता येते. ती ओळख त्यांच्याबरोबरच गेली. त्यांनी आपल्याजवळ मागितला होता तो दिवसाचा एक तास, आणि समोर बसून लिहून घेणारा एक मनुष्य.

प्रत्येकाच्या घरी असे एखादे बासन असतेच. वडिलांशी करावयाचे बोलणे, वैद्यकीय तपासणी, मृत्युपत्र, मुलाला दिलेले वचन, अर्धवट राहिलेला ग्रंथ. हा लेख वाचून झाल्यावर त्यांतील एकच निवडावे आणि कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : कोठे, केव्हा, कोण, काय. त्यातील पहिले पाऊल दहा मिनिटांचे असेल, तर ते आजच सायंप्रार्थनेपूर्वी टाकावे.

शनिवारच्या मोडी वाचनास लिहून घेणाऱ्या साहाय्यकांची आवश्यकता आहे. मोडी येत नसले तरी चालेल; अक्षर सुवाच्य असावे आणि पाच वाजता येण्याचा नेम पाळता यावा. इच्छुकांनी येत्या शनिवारी कार्यालयात यावे, ही विनंती.

॥ शुभं भवतु ॥